लिफ्टच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नागपुरात अठ्ठावीस वर्षे लिफ्ट बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम केले. आता दारव्हा तालुक्यात घरची शेती पाहतो. मागच्या आठवड्यात जे अनुभवले, ते आपल्या पेपरातून लोकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

आमच्या वहिनींचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. सुट्टी मिळाली त्या दिवशी दुपारी पुतण्या त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरला, आणि दुसरा मजला सोडल्याबरोबर लाईन गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरपुरता होता. लाईन गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेणारे यंत्र असते, एआरडी; त्याची बॅटरी कधीच मेलेली होती. मी दाराला तोंड लावून ओरडलो, "वहिनी, घाबरू नका, खाली बसून घ्या, दार ओढू नका," आणि गच्चीकडे धावलो. गच्चीच्या दाराला कुलूप. वॉर्डबॉय म्हणाला, "किल्ली त मालकापाशी हाय काका, ते लग्नाले अमरावतीले गेले."

अडकलेला माणूस मधल्या मजल्यावर असला तरी त्याला सोडवण्याचा रस्ता गच्चीवरून का जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. बादली कितीही खोल गेली तरी रहाट विहिरीच्या तोंडावरच लागतो. लिफ्टचेही तसेच आहे. तळाच्या खड्ड्यापासून गच्चीच्या वरपर्यंत सरळ उभी पोकळी असते, तो शाफ्ट. शेवटच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी तिच्या डोक्यावर मोकळी जागा राहावी लागते, म्हणून शाफ्ट गच्चीच्याही वर काढतात आणि त्यावर स्लॅब टाकून मशीनरूम बांधतात. मोटार, ब्रेक, लिफ्ट चालवणारे विजेचे पॅनल, वेग वाढला तर लिफ्ट जागीच पकडायला लावणारा गव्हर्नर, सगळे तिथे. स्लॅबला ठेवलेल्या भोकांतून दोर खाली जातात. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. या सगळ्याचा भार त्या वरच्या बीमवर येतो. म्हणूनच जुन्या इमारतीत मागाहून लिफ्ट घालायची तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

आम्ही सब्बलने कुलूप तोडले. पुढे लिफ्टच्या खोलीला जिना नव्हता, भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी होती. दुपारी दोन वाजता ती हातात धरवत नव्हती, शेवटी दुपट्टा गुंडाळून चढलो. आत सलाईनचे रिकामे खोके, रंगाचे डबे, लग्नाच्या मांडवाचे कापड, कबुतरांची घाण. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. ब्रेक सोडायचा दांडा भिंतीवर हुकाला टांगलेला असायला हवा, तो पोत्यांखाली सापडला, त्यातच दहा मिनिटे गेली. दोरावर मजल्यांच्या पिवळ्या खुणा मात्र होत्या. ज्याने लिफ्ट बसवली त्याने आपले काम नीट केले होते.

मेन स्विच पाडला. वॉर्डबॉयला दांडा दिला, "मी म्हणेन तेव्हाच दाब, म्हणेन तेव्हा सोड," असे बजावले आणि मी मोटारीचे हाताने फिरवायचे चाक धरले. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे माणशी ६८ प्रमाणे ४०८ किलो. दुसऱ्या टोकाचे वजन हे रिकामी लिफ्ट आणि वर या भाराचा साधारण निम्मा हिस्सा, एवढे ठेवतात. आत दोघेच होते, म्हणजे लिफ्टची बाजू हलकी. ब्रेक सैल होताच ती वर सरकू लागली. खूण जुळली तेव्हा थांबवले आणि दुसऱ्या मजल्यावर दार उघडले. वहिनी घामाने चिंब झाल्या होत्या, पोटावर हात धरून बसल्या होत्या. पाऊण तास. त्यातली चाक फिरवण्याची मिनिटे पाचसुद्धा नव्हती.

लाईन गेल्यावर लिफ्ट कोसळेल ही भीती मनातून काढून टाका. ब्रेक वीज असेपर्यंतच उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंगने आपोआप आवळतो. खरी अडचण आत कोंडलेल्या माणसाची, तिथपर्यंत पोहोचण्याची.

आपल्याकडे उन्हाचा प्रश्न वेगळाच आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. मशीनरूमचे तापमान ४० च्या आत राहावे, असे धरून ही यंत्रे बनवलेली असतात. गच्चीवरच्या बंद खोलीत, वर टीनपत्रा असेल तर, काय होत असेल? पॅनल ट्रिप होते, बॅटरी वर्षभरात मरते, आणि लोक म्हणतात कंपनीने फसवले. त्या खोलीला आरपार हवा आणि एक्झॉस्ट पंखा हवाच, छताला चुना मारला तरी फरक पडतो. पावसाळ्यात उलटे. मशीनरूमच्या डोक्यावरच पाण्याची टाकी बसवायची पद्धत पडली आहे. टाकी पाझरली की पाणी पॅनलवर, आणि दोराच्या भोकांभोवती बोटभर उंच कठडा नसेल तर तेच पाणी थेट शाफ्टमधून खड्ड्यात. टाकी दुसऱ्या कोपऱ्यात बसवायला कितीसा जास्त पाइप लागतो?

आग लागली तर हाच शाफ्ट धुराडे होतो. धूर वर निघून जावा म्हणून माथ्याशी निदान ०.२ चौरस मीटरचा झरोका ठेवावा, असे राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. कबुतरे येतात म्हणून तो विटांनी बुजवलेला मी अनेकदा पाहिला. जाळी लावा, बुजवू नका.

हल्ली मशीनरूम नसलेली लिफ्टही मिळते. त्यात मोटार शाफ्टमध्येच वर बसते आणि पॅनल शेवटच्या मजल्याच्या दाराशी. पण वरची मोकळी जागा तिलाही लागते, आणि ऊन तिलाही तेवढेच लागते. जिथे मेकॅनिक नागपूर किंवा अमरावतीहून यायचा असतो, तिथे जागा असेल तर मशीनरूमच बांधावी, असे माझे मत आहे. उभे राहून काम करता येते.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी १९३९ पासून कायदा आहे, २०१७ मध्ये नवा झाला. बसवायला परवानगी आणि चालवायला परवाना लागतो. माझी विनंती नगरपरिषदांना आहे: नकाशा मंजूर करताना गच्चीच्या वरचा भागही पाहा. शिडीऐवजी जिना आहे का, टाकी कुठे आहे, खोलीला खिडकी आहे का. आणि मालकांनी त्या खोलीतले सामान आजच खाली आणावे.

पुढच्या आठवड्यात टाके काढायला वहिनींना पुन्हा तिथेच न्यायचे आहे. गच्चीला नवे कुलूप लागले आहे. त्याची एक किल्ली तळमजल्यावर कंपाउंडरच्या टेबलामागे खिळ्याला टांगा, असे मी मालकांना स्वतः भेटून सांगितले. त्यांनी हो म्हटले आहे. गेलो की आधी तो खिळा पाहीन.

आपला,
एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ