डाक जीवन विम्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून जात असे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डाक जीवन विम्याविषयी, म्हणजे डाक खात्याच्या स्वतःच्या आयुर्विमा योजनेविषयी, आपल्या अंकात आलेला लेख वाचला. या योजनेचा बोनस, कमी हप्ता आणि सरकारी हमी यांबद्दल लेखकाने लिहिले आहे ते योग्यच आहे. मात्र १८८४ पासून सरकारी नोकरांना हे कवच मिळाले, असे जे सरसकट विधान लेखात आहे, ते दुरुस्त करायला हवे. १ फेब्रुवारी १८८४ रोजी भारतमंत्र्यांच्या (लंडनमधील ब्रिटिश सरकारात हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांच्या) मंजुरीने ही योजना सुरू झाली ती केवळ डाक खात्यातील नोकरांसाठी. तार खात्याचा समावेश १८८८ मध्ये झाला, डाक-तार खात्यातील स्त्री कर्मचाऱ्यांचे अर्ज १८९४ पासून घेतले जाऊ लागले आणि इतर खात्यांना ती पुढे टप्प्याटप्प्याने खुली झाली. मी याच खात्याच्या विमा शाखेत नोकरी केली आहे. तिथे एक गोष्ट पक्की समजते, ती म्हणजे विमा योजना कोणासाठी आहे हे तिच्या जाहिरातीवरून नव्हे, तर अर्ज कोणाकडे द्यायचा, तो कोण तपासतो आणि कोणत्या रकान्यावर अडतो यावरून ठरते. लेखात नेमकी हीच बाजू राहून गेली आहे.

योजनेमागची गरज खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. सरकारी नोकराला निवृत्तिवेतन असे, पण ते त्याच्याबरोबर संपे. सनदी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या विधवा-मुलांसाठी जुने फंड होते. देशी कारकून नोकरीत असताना गेला, तर त्याच्या घरात पुढच्या महिन्यापासून काहीच येत नसे. सर्वसामान्य सरकारी नोकराच्या कुटुंबाला व्यापक स्वरूपाचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले ते १९६४ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर ऐंशी वर्षांनी. योजना सुरू झाली तेव्हा एफ. आर. हॉग हे डाक खात्याचे महासंचालक होते. १८८० साली मनीऑर्डर, १८८२ साली बचत बँक आणि १८८४ साली विमा, असा खात्याच्या कामाचा विस्तार त्याच सुमारास झाला. मनीऑर्डर आणि बचत बँक जनतेसाठी होत्या, विमा मात्र खात्याच्याच माणसांसाठी.

बाहेर विमा मिळत नव्हता असे नाही. विलायती कंपन्या देशी माणसाचा विमा एक तर उतरवत नसत किंवा उतरवला तर जादा हप्ता लावत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने देशी लोकांना नेहमीच्या दराने विमा देण्याची प्रथा पाडली आणि १८७४ मध्ये ओरिएंटल ही दुसरी मोठी कंपनीही मुंबईतच उभी राहिली. पण कंपनी म्हटली की एजंट आला, एजंट म्हटला की कमिशन आले, आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या पोस्टमास्तरापर्यंत यायला एजंटाला परवडले पाहिजे, हेही आले.

डाक खात्याने ही सगळी साखळीच काढून टाकली. विमा देणारा आणि पगार देणारा एकच. अर्जदाराचे वय नोकरीच्या दप्तरात आधीच लिहिलेले, पगार माहीत, रजा किती आणि कशासाठी घेतली तेही माहीत. वैद्यकीय तपासणी सरकारी डॉक्टरकडे आणि हप्ता पगारातून परस्पर वळता. जन्माची नोंद क्वचितच होणाऱ्या त्या काळात, जेव्हा वय सिद्ध करायला बहुतेकांकडे जन्मपत्रिकेखेरीज काही नसे, तेव्हा वयाचा वाद एका नोंदीवर मिटणे ही छोटी सोय नव्हती. सुरुवातीची विम्याची कमाल मर्यादा ४,००० रुपये होती आणि कारकुनाच्या पगाराच्या मानाने ती मोठीच म्हटली पाहिजे.

या रचनेचे महत्त्व विलायतेशी तुलना केली की कळते. तिथे तेव्हाचे अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८६४ साली कायदा होऊन पुढच्या वर्षापासून टपाल कचेऱ्यांतून कष्टकऱ्यांना वीस ते शंभर पौंडांचे विमे देऊ करण्यात आले. अर्जदाराने स्वतः खिडकीशी जायचे, एजंट कोणी नाही. दुसरीकडे खासगी कंपन्यांची माणसे दर आठवड्याला दारात येऊन पेन्या गोळा करीत. लोक टपाल कचेरीकडे फारसे फिरकलेच नाहीत आणि १९२८ अखेर ती योजना गुंडाळावी लागली. सरकारी हमी दोन्हीकडे होती. हिंदुस्थानात योजना तगली ती अर्जदार आधीच कचेरीत बसलेला होता म्हणून.

आता अर्जाकडे जवळून पाहू. विम्याच्या अर्जातले काही रकाने एकोणिसाव्या शतकापासून जवळजवळ तसेच चालत आले आहेत. छाती श्वास घेऊन किती, सोडून किती, पोटाचा घेर किती, अंगावरच्या दोन ओळखखुणा कोणत्या. मग कुटुंबाचा इतिहास: आईवडील हयात आहेत काय, नसल्यास कोणत्या वयात आणि कशाने वारले, भावंडे किती, त्यांतली किती गेली आणि कशाने. माझ्यापुढे येणाऱ्या अर्जांतही या रकान्यात बिनदिक्कत ‘ताप’ किंवा ‘म्हातारपण’ लिहिलेले असे आणि आम्ही शेरा मारून अर्ज परत पाठवत असू, की कोणता ताप, किती दिवस, वय काय होते. एकोणिसाव्या शतकातला विमा तपासनीस याहून संशयी होता, कारण त्याची खरी भीती क्षयाची होती. आई ‘बाळंतपणात’ गेली असे लिहिले, तरी त्यामागे क्षय दडवलेला नाही ना, हे तो पाहत असे. वडील आणि एक भाऊ ‘खोकल्याने’ गेलेल्या अर्जदाराच्या वाट्याला जादा हप्ता येई किंवा थेट नकार.

माझा मुख्य आक्षेप याच जागी आहे. कंपनीकडे अर्ज करणारा माणूस घरातला क्षय एका परक्या डॉक्टरला आणि परक्या कचेरीला सांगत असे. डाक खात्याच्या योजनेत अर्जदार हा खात्याचा ताबेदार होता आणि त्याचे कागद, आमच्या कचेरीच्या भाषेत, ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ जायचे. म्हणजे घरच्या आजारांचा तपशील ज्याच्या हाती बढती, बदली आणि रजा, त्याच्या टेबलावरून पुढे सरकायचा. खरे लिहावे तर साहेबांना कळते, खोटे लिहावे तर पुढे मागे विमाच रद्द होण्याची भीती. विमा नाकारला गेलेला माणूस उद्या पुन्हा त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर बसणार आणि नकाराचे कारण साहेबांना ठाऊक असणार. योजनेचा कमी खर्च आणि ही अडचण, दोन्ही एकाच रचनेतून येतात. एकीचे कौतुक करून दुसरी विसरणे मला बरोबर वाटत नाही.

स्त्रियांच्या अर्जांबद्दलही असेच. त्या काळी विमा कंपन्या स्त्रियांचे विमे घ्यायला तयार नसताना १८९४ मध्ये खात्याने ते घेतले, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण डाक-तार खात्यात तेव्हा स्त्रिया होत्या तरी किती! निर्णय स्तुत्य असला, तरी त्याचा लाभ नोकरीच्या दारातून आत आलेल्या मोजक्या स्त्रियांपुरताच होता. बाकीच्या स्त्रियांचा या योजनेशी संबंध आला तो विमेदाराची विधवा म्हणून.

आणि तिथे कायदा आडवा येई. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्यात असे कलम होते, की नवऱ्याने बायको-मुलांच्या हितासाठी म्हणून स्वतःचा विमा उतरवला तर तो पैसा त्यांचा विश्वस्त निधी समजला जावा, नवऱ्याच्या इस्टेटीचा भाग नव्हे. सावकारांनाही मग त्यावर सहजी हात टाकता येत नाही. पण हे संरक्षण हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन कुटुंबांना निःसंदिग्धपणे मिळाले ते दुरुस्तीनंतर, मद्रासेत ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या विम्यांना आणि मुंबई इलाख्यासह बाकी ठिकाणी १ एप्रिल १९२३ पासूनच्या विम्यांना. म्हणजे १८८४ पासून जवळजवळ चाळीस वर्षे पुण्या-साताऱ्याच्या एखाद्या पोस्टल कारकुनाने अर्जात बायकोच्या हितासाठी म्हणून कितीही स्पष्ट लिहिले, तरी तो पैसा तिच्याच हाती पडेल याची कायद्याने खात्री नव्हती. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा पोटगीपलीकडे फारसा हक्क नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या तारखेचे महत्त्व कळते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३८ च्या विमा कायद्यातून ही योजना वगळली गेली आणि १९५६ साली २४५ विमा संस्था ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले तेव्हाही ती वेगळीच राहिली. खेड्यातल्या सर्वसामान्य माणसाला ग्रामीण डाक जीवन विमा मिळाला तो २४ मार्च १९९५ रोजी. ज्या खात्याचा माणूस खेड्यापाड्यांत घरोघरी पत्रे पोचवत होता, त्या खात्याला त्या घरातल्या माणसाचा विमा उतरवायला १११ वर्षे लागली. यात पैशाची अडचण मला फारशी दिसत नाही. पगारपत्रकावर नाव नसलेल्या माणसाचा अर्ज तपासायचा कसा आणि हप्ता वळता करायचा कशातून, याची पद्धतच खात्याने बसवलेली नव्हती.

शेवटी एक मागणी, आणि तिच्यासाठीच खरे तर हे पत्र लिहीत आहे. या जुन्या अर्जांत आणि नोंदवह्यांत सामान्य नोकरदार घरांतल्या आजारांची, मृत्यूंच्या कारणांची, वयांची अशी माहिती आहे की जी दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात कुटुंबवार एकत्र सापडणार नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने १८९२ पूर्वीचे कागद नष्ट करण्यास जवळजवळ पूर्ण मनाई केली आहे. म्हणजे योजनेची पहिली आठ वर्षे सुरक्षित आहेत. स्त्रियांचे १८९४ चे पहिले अर्ज, १८९६ पासूनची प्लेगची वर्षे, १९१८ चा इन्फ्लुएन्झा हे सारे या रेषेच्या पलीकडे, नेहमीच्या मुदतबाह्य दप्तराच्या नियमांत येते. ज्या विभागीय कचेऱ्यांत हे कागद अजून शिल्लक असतील, तिथे १९४७ पूर्वीचे विम्याचे कोणतेही दप्तर राष्ट्रीय अभिलेखागाराला दाखवल्याखेरीज रद्दीत काढू नये, असे एक परिपत्रक डाक संचालनालयाने काढावे. त्याला नवा कायदा लागत नाही आणि खर्चही टपाल हशिलापलीकडे नाही.

आपला,
एक निवृत्त डाक कर्मचारी, सातारा