एम टूचे टायर: चि. अथर्वला

चि. अथर्व,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या बीएमडब्ल्यू एम टूसाठी केलेली टायरची यादी मिळाली. त्यातले निम्मे मी सरळ खोडले. नाव वाईट म्हणून नाही, तर तुला चाकं कंपनीचीच ठेवायची आहेत आणि गाडी इथून ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसाला, चालवत न्यायची आहे, म्हणून.

आधी हिशेब बघ. नागपूरहून चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हैदराबादमार्गे अकराशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन बावीसशे. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची चार सत्रं मिळाली, तर ३.७ किलोमीटरच्या तीस-पस्तीस फेऱ्या होतील, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. एम टू कॉम्पिटिशनला स्टेपनीसुद्धा नाही, मग जादा चार चाकं कुठे ठेवशील? जे टायर चढवशील त्यांनाच बावीसशे किलोमीटर हायवे, आपल्या शहरातले सिमेंटचे रस्ते आणि मग ते सव्वाशे किलोमीटर सोसायचे आहेत. सेमी-स्लिकचं, म्हणजे मुख्यतः ट्रॅकसाठी केलेल्या टायरचं, मऊ रबर हायवेवर सरळ धावून मधोमध झिजेल आणि ट्रॅकसाठी असलेला त्यातला दम काहीसा वाटेतच खर्च होईल. वर त्याच्या खाचा उथळ. नोव्हेंबरात जायचं म्हणतोस तेव्हा चेन्नईकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर असा टायर तरंगायला लागतो. जानेवारीच्या शेवटी जा, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत मिशेलिनचा पायलट स्पोर्ट फोर एस. त्याचा ट्रेडवेअर आकडा (जितका जास्त तितका टायर टिकाऊ) ३००, त्याच कंपनीच्या सेमी-स्लिक कप टूचा १८०. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० सारखे समजू नकोस. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला मात्र ते कामाचे आहेत. कप टू कोरड्या ट्रॅकवर नक्कीच जास्त धरतो. पण पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला तुझा वेळ ब्रेक कुठे मारायचा हे शिकण्यात जाणार. त्यातच फोर एस घसरायच्या आधी आवाज करून, हळूहळू सुटत सांगतो. जास्त पकडीचे टायर धरतात खूप, पण सुटतात तेव्हा सावरायला वेळ कमी देतात. नवशिक्याला आधी सांगणारा टायर हवा. यादीतले बाकीचे, २०० ट्रेडवेअरचे जपानी आणि कोरियन टायर, चांगले आहेत, पण टायरची आयात जून २०२० पासून परवान्यावर आहे. तुझ्या मापात आणि आयएसआय खुणेसह मिळत असतील तरच त्यांचा विचार कर. ‘बाहेरून मागवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस.

आता माप. तुझी पुढची चाकं १९ इंची, ९ इंच रुंद. मागची १० इंच. पुढे २४५/३५, मागे २६५/३५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते). टायरची उंची काढ: पुढे साधारण ६५४ मिलिमीटर, मागे ६६८. मागचा टायर पुढच्यापेक्षा दोन टक्के मोठा, आणि एबीएस, डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मागचं डिफरन्शियल हे सगळं चाकांच्या वेगातला तोच फरक गृहीत धरून चालतं. रुंद टायर हवेतच असतील तर पुढे २५५/३५ आणि मागे २७५/३५ घे. उंची ६६१ आणि ६७५ होते, म्हणजे गुणोत्तर तेच, आणि दोन्ही मापं तुझ्या रिमला चालतात. तू लिहिलेलं मागचं २७५/३० चालणार नाही. ते ६४८ वर येतं, म्हणजे पुढच्यापेक्षाही लहान. चारही चाकांना २६५/३५ घालणारे लोक आहेत. पुढची ९ इंची रिम त्या मापाला जेमतेम पुरते, आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) न वाढवता त्याचा फायदाही पुरता मिळत नाही. तुझ्यासाठी नाही ते. लोड आणि स्पीडचे आकडे मात्र कमी होऊ देऊ नकोस: पुढे ९३ वाय, मागे ९८ वाय, दोन्ही एक्सएल (जादा भाराचे). ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो, ९८ म्हणजे ७५०, आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर.

पण खरेदीच्या आधी आत्ताचे टायर मोज. खाच चार-पाच मिलिमीटर उरली असेल, कडांना चिरा नसतील आणि टायर पाच वर्षांच्या आतले असतील, तर पहिला ट्रॅक डे त्याच टायरांवर कर. नवाकोरा खोल खाचेचा टायर ट्रॅकवर लिबलिबतो. रबराचे उंच ठोकळे वाकतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. अर्धा झिजलेला टायर तिथे जास्त टिकतो. (दुकानदार हे कधी सांगणार नाही, काहून की त्याला चार टायर विकायचे आहेत.) एक अट आहे: टायरमध्ये पंक्चरची स्ट्रिप घातलेली असेल तर तो ट्रॅकवर नाही. स्ट्रिप काढून आतून मश्रूम पॅच मारलेला असला तरी मी नेणार नाही.

नवे घेतलेस तर कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच. ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पत्र्याच्या गोदामात दोन नवतपे काढलेला टायर दिसायला नवा असतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. चारही टायर एकाच मॉडेलचे घे. मिशेलिनच्या बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर ताऱ्याची खूण असते, ती घेणार असशील तर चौघांवर हवी. चढवताना आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आली का ते तू स्वतः बघ. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं रिमच्या आत असतात, ब्रेकच्या उष्णतेने गळून पडतात. त्यांवर ॲल्युमिनियमची टेप लावून घे. हवेचे सेन्सर जुने झाले असतील तर टायर उतरलेले असतानाच बदल, त्यांची बॅटरी सात ते दहा वर्षं चालते. बोल्ट टॉर्क रेंचने १४० न्यूटन मीटर, हवेच्या गनने नाही. मग दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालव. साच्यातून सुटायला लावलेला थर झिजल्याशिवाय पकड येत नाही.

हवेचं मात्र नीट समजून घे. टायरवर तू जितके पैसे घालशील त्याहून जास्त फरक हवेने पडतो.

जानेवारीत इथे पहाटे १२ अंश असताना ३३ पीएसआय भरलीस, तर तिकडे २८ अंशांत टायर थंड असतानाच ती ३५-३६ दिसेल. त्यामुळे इथली सेटिंग तिथे चालत नाही. ट्रॅकवर पोचून, गाडी सावलीत निदान दोन तास उभी ठेवून, नव्याने मोज. तिथे थंड ३३ ठेवून बाहेर पडलास आणि आतली हवा ८० अंशांपर्यंत गेली, तर दाब ४१ च्या घरात जातो. टायर फुगून मधोमध टेकतो आणि पकड जाते. तुला गरम असताना ३४ हवी. म्हणून थंड २८ पासून सुरुवात कर, पाच-सहा फेऱ्या मारून आत आलास की लगेच चारही मोज आणि जिथे जास्त असेल तिथून सोड. दुपारी ऊन चढलं की पुन्हा सोडावी लागेल. सकाळच्या सत्रात आकडे जुळले म्हणून दुपारी विसंबू नकोस. गाडीतल्या आयड्राइव्हच्या पडद्यावर दाब दिसतो, तरी हातातला गेज वेगळा घे आणि दिवसभर तोच वापर. पेट्रोल पंपावरचे एकमेकांशी जुळत नाहीत. नायट्रोजनचं फार कौतुक नको. कोरडी हवा असली की झालं, दमट हवा तापल्यावर जास्त फुगते इतकंच.

टायरच्या खांद्यावर खडूने आडवी रेघ ओढ. सत्रानंतर रेघ कुठवर पुसली ते बघ: खाली कडेवरच्या छोट्या त्रिकोणाच्या पलीकडे गेली तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढव. रेघ खांद्यावर तशीच राहिली तर हवा जास्त. पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावर लवकर झिजतील. कंपनीचा कॅम्बर उणे एक अंशाच्या आसपास असतो आणि वळणात गाडी कलली की तो पुरत नाही. दोन ट्रॅक डेंनंतर डावा-उजवा टायर अदलाबदल कर, आउटसाइड बाहेर ठेवून. पुढचे मागे मात्र जाणार नाहीत, मापं वेगळी आहेत. तीन-चार कडक फेऱ्यांनी फोर एस तेलकट झाल्यासारखा वाटायला लागेल; तेव्हा एक फेरी हळू मारून थंड कर. बोल्ट पुन्हा तपासायचे ते चाक थंड झाल्यावरच.

आणि परत निघायच्या आधी, गाडी थंड झाल्यावर, हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भर. दिवसभर सोडलेली हवा तशीच राहिली तर टायर थंड झाल्यावर २५-२६ वर बसतो. त्यावर ताशी शंभरने अकराशे किलोमीटर म्हणजे कड सतत वाकून तापते आणि फुटू शकते. ट्रॅकवर काही झालं तर मदतीला माणसं असतात, हायवेवर रात्री नसतात. बारा व्होल्टचा पंप डिकीत ठेव, आणि भरल्यावर आयड्राइव्हमध्ये दाब रीसेट कर, नाहीतर जुन्याच आकड्यावर इशारे देत बसेल.

मोजलेली खाच आणि चारही टायरांचे ते शेवटचे चार आकडे मला या रविवारपर्यंत कळव. मग नवे घ्यायचे की नाही ते ठरवू.

तुझी,
आई