‘फॉर अ व्हाइल’ की ‘इन अ व्हाइल’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या आणि मुलाखतीच्या तयारीच्या वर्गांत ‘मोमेंट’, ‘मिनिट’, ‘व्हाइल’, ‘शॉर्ट टाइम’ हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करून घेतले जातात. त्यांच्यात फरक आहेच, पण खरा घोटाळा होतो तो त्यांच्याआधी येणाऱ्या ‘फॉर’ आणि ‘इन’मध्ये. त्यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की सांगलीत इंग्रजी सूचनाही मोबाइलवर फिरतात. ‘द रोड विल बी क्लोज्ड फॉर अ शॉर्ट टाइम’ याचा अर्थ रस्ता थोडा वेळ बंद राहील. तिथेच ‘इन अ शॉर्ट टाइम’ असेल, तर रस्ता थोड्या वेळात बंद होणार आहे. पहिले वाचून माणूस घरी थांबेल, दुसरे वाचून लगेच निघेल. ‘ब्रीफली’ आणि ‘शॉर्टली’ यांचेही तसेच: ‘क्लोज्ड ब्रीफली’ म्हणजे थोडा वेळ बंद, ‘क्लोज्ड शॉर्टली’ म्हणजे लवकरच बंद. सूचना लिहिणाऱ्यांनी हा फरक जिवापाड सांभाळायला हवा.

मराठी मुलांना हे अवघड जाण्याचे कारण नाही. थोडा वेळ, थोड्या वेळाने, थोड्या वेळात, थोड्या वेळापूर्वी हे चार अर्थ चौथीतले पोरही कधी चुकवत नाही. आधी मनात मराठी वाक्य प्रत्ययासकट म्हणावे, मग इंग्रजीकडे वळावे. ‘थोडा वेळ’ला ‘फॉर अ व्हाइल’, ‘थोड्या वेळापूर्वी’ला ‘अ व्हाइल अगो’. अडचण मधल्या दोघांची, कारण ‘इन’ दोन्हीकडे चालतो. ‘द डॉक्टर विल कम इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांनी येतील. ‘शी सॉल्व्ड इट इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांत सोडवले. दहा मिनिटांच्या आत, अशी मुदत सांगायची असेल तर ‘विदिन’ वापरावा. ‘आत्तापासून दहा मिनिटांनी’ यासाठी आपल्याकडे सर्रास ‘आफ्टर टेन मिनिट्स’ म्हणतात. तिथे ‘इन’च हवा. ‘दोन तासांपासून’चे ‘सिन्स टू अवर्स’ करणेही असेच रुळले आहे. ‘सिन्स’पुढे सुरुवातीची वेळ येते, जसे ‘सिन्स टेन ओ’क्लॉक’. मधला काळ सांगायला ‘फॉर टू अवर्स’.

आता नामांकडे. ‘मोमेंट’ सर्वांत छोटा, काही सेकंदांचा. ‘जस्ट अ मिनिट’ म्हणणारा साठ सेकंद मोजत नसतो, पण त्याला लवकर परतायचे असते. ‘व्हाइल’ला माप नाही, ‘ही लिव्ह्ड इन मिरज फॉर अ व्हाइल’ यात दोन वर्षेही मावतात. ‘क्वाइट अ व्हाइल’ तर चक्क बराच वेळ. आणि ‘आय हॅवन्ट सीन हिम इन अ व्हाइल’ या नकारार्थी वाक्यात ‘इन अ व्हाइल’चा अर्थ ‘बऱ्याच दिवसांत’ असा होतो. मध्ययुगीन युरोपात तासाचे ४० ‘मोमेंट’ धरत, म्हणजे एक साधारण ९० सेकंदांचा. आपली घटका २४ मिनिटांची, पण ‘घटकाभर टेका’ म्हणताना घड्याळ कोण पाहतो?

लिहिताना ‘फॉर’नंतर ‘अ व्हाइल’ दोन शब्दांत लिहावे. ‘स्टे अव्हाइल’मध्ये जोडून चालते. ‘अ फ्यू मिनिट्स’मधला ‘अ’ गाळू नये. ‘वी हॅव अ फ्यू मिनिट्स’ म्हणजे थोडी मिनिटे हाताशी आहेत. ‘अ’ गाळला की वेळ जवळजवळ संपलाच, असा अर्थ होतो.

परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांनी ‘मोमेंटरिली’ हा शब्द टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रिटिश माणूस त्याचा अर्थ ‘क्षणभर’ असा घेतो, अमेरिकन बहुधा ‘आत्ता, क्षणभरात’ असा. ‘फॉर अ मोमेंट’ किंवा ‘इन अ मोमेंट’ म्हटले की दोघांनाही एकच कळते.

आपले,
इंग्रजीचे काही शिक्षक, सांगली