भावाने ते व्रत घेतलेलं नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखंच टापटीप, मजकूर मात्र चांगलाच वैतागलेला. सहकारी अहवाल अर्धवट देतो, भाऊ वेळ पाळत नाही, घरात एक वस्तू जागेवर नसते. ‘माझ्या अपेक्षा जास्त आहेत की लोकच ढिसाळ आहेत?’ असं विचारलंयस. खरं सांगू? दोन्ही.

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. एकात माणूस स्वतःला वेठीला धरतो, दुसऱ्यात इतरांना, आणि तिसऱ्यात जगच आपल्याला वेठीला धरतंय असं त्याला वाटतं. तुझ्यात पहिले दोन सुखाने नांदतात. मी स्वतःला सोडत नाही, मग इतरांना का सोडू, हा तुझा हिशेब. मला तो मान्य नाही. ते व्रत तू घेतलंस. भावाने घेतलेलं नाही.

आणि स्वतःला तू खरंच सोडत नाहीस? मागे तुझं उत्तर उशिरा आलं, तेव्हा ‘कामाचा डोंगर होता’ असं लिहिलंस. मला पटलंही. भावाला उशीर झाला की मात्र तो बेजबाबदार! दुसरा चुकला की त्याची परिस्थिती न पाहता स्वभावावर खापर फोडायचं, या सवयीचं मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये रीतसर बारसं केलं. आपल्या आज्यांनी ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ एवढ्यात काम भागवलं होतं.

आता एक स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. सहकाऱ्याचा अहवाल रात्री बसून गुपचूप नव्याने लिहितोस ना, ते थांबव. त्याला चूक कळतच नाही. पुढच्या वेळीही तो तसाच देतो आणि तू मनातल्या मनात धुमसत राहतोस. आकडे चुकले असतील तर सरळ परत दे. वाक्यं तुझ्या पद्धतीची नसतील तर जाऊ दे की तशीच! कशाने कुणाचं नुकसान होतं आणि कशाने फक्त तुझा जीव खालीवर होतो, हे तुझ्याइतक्या बारीक नजरेच्या माणसाला मी काय सांगू?

खोटं बोलणाऱ्याला, पैसे बुडवणाऱ्याला खपवून घे असं मी म्हणत नाहीये. तिथे कडकच राहा. पण काकूंच्या आजारपणात रात्र रात्र जागला तो हाच भाऊ, हे तूच मला सांगितलं होतंस. त्याला अर्धा तास अलीकडची वेळ सांगत जा, झालं.

अहवाल परत दिलास की नाही, तेवढं कळव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र