वारदावारच्या दुसऱ्या दिवशी

येरेवान, २८ जुलै २०२५

प्रिय दत्त्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे आणि मग पुढचं वाच. तब्येत: शुगर गोळ्यांवर, गुडघा रडतखडत. मेस चालू आहे. पोरं सुट्टीला गेलीत म्हणून आज हात मोकळा. फोन मुद्दाम केला नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि काका कायम शेजारी, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर तुमच्या वाड्यात रझाकारांचं १९४८ पुन्हा सुरू होईल.

काल इथे आर्मेनियात वारदावार झाला. चर्चच्या हिशेबाने येशूच्या रूपांतराचा सण, पोरांच्या हिशेबाने दिसेल त्याच्यावर बादली ओतायचा. आमच्या आवारात तुतीखाली तब्रीजवाल्याची, म्हणजे इराणमधल्या तब्रीजच्या फरशीवाल्याची, आई खुर्ची टाकून बसली होती. जूनमध्ये इस्रायलने तब्रीजवर बॉम्ब टाकले तेव्हा तो तिला सरहद्दीची अरस नदी ओलांडून इकडे घेऊन आला. युद्ध बारा दिवसांत थांबलं, म्हातारी इथेच रमली. तर तळमजल्यावरच्या कार्ट्याने तिच्या डोक्यावर अख्खी बादली उपडी केली. ती उठली, ओढणी पिळली आणि हसत हसत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खणखणीत तुर्कीत, म्हणजे अझरबैजानवाल्यांच्या भाषेत. फारसी तिला दुकानदाराशी भांडण्यापुरतीही येत नाही.

आवार चिडीचूप. आणि त्यात आमची तातिक, म्हणजे घरमालकीण आजी, खिडकीतून त्याच भाषेत ओरडली. काय, ते मला नंतर कळलं: “दोन शिव्या विसरलीस, त्याही घाल!”

तातिक बाकूची, अझरबैजानच्या राजधानीची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९९० मध्ये तिथे आर्मेनियन लोकांना घरांतून ओढून मारलं, तेव्हा ती नवऱ्याबरोबर बोटीने कॅस्पियन ओलांडून क्रास्नोवोद्स्कला गेली आणि तिथून फिरत फिरत इथे आली. त्याआधी खालच्या अझेरी बाईने त्यांना पलंगामागे लपवलं होतं, हेही ती सांगते, पण रशियनमध्ये. इथे आल्यावर टोमणे होतेच, की या बाकूवाल्यांना आर्मेनियन धड येत नाही. त्यात तुर्की कोण बोलेल? स्वयंपाकघरात मात्र, तब्रीजवाला फरशीचे पैसे वसूल करून परतला की दार लोटून दोघांच्या गप्पा सुरू. माझी खोली लागूनच आहे, त्यामुळे मला माहीत होतं. आवाराला नव्हतं.

वरची बाई तुला आठवत असेल, कोबीच्या ढिगाशेजारचा फोटो पाठवला होता ती. मेसमध्ये भाज्या चिरते. तिचा मुलगा २०२० च्या अझरबैजानबरोबरच्या युद्धात गेला, सक्तीची लष्करी नोकरी करत होता. दर रविवारी ती येराब्लूरला जाते. डोंगरावर सैनिकांच्या कबरी आहेत, ओळीने, प्रत्येकीवर पोराचा फोटो. काल रविवारच होता. तिथून येऊन ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. अर्धे टाकून आत गेली.

रात्री जिन्यात मला गाठलं. “तो पारसिक आहे म्हणालास ना?”

“हो, इराणचाच.”

“मग तुर्कांसारखा का बोलतो?” आणि वर, “तातिकला सांग, म्हातारीला आवारात बसवू नकोस.”

आता याचं उत्तर मी कांदा चिरता चिरता कसं देऊ? अरसच्या दोन्ही काठांना एकच लोक राहतात. १८२८ मध्ये तुर्कमेनचायच्या तहाने रशियाने उत्तरेचा काठ घेतला, दक्षिणेचा इराणकडे राहिला, झालं. दक्षिणेकडचे अझेरी उत्तरेकडच्यांपेक्षा संख्येने जास्त आहेत; इराणचा आत्ताचा राष्ट्राध्यक्ष पेझेश्कियान घरची तुर्कीच बोलतो. शिया पंथ इराणचा राजधर्म झाला तो १५०१ मध्ये, तब्रीजमध्येच, आणि तो करणारा शाह इस्माईल कविता तुर्कीत लिहायचा. म्हणजे आमचा तब्रीजवाला दक्षिण काठाचा, म्हणून पारसिक, म्हणून पाहुणा. त्याचा चुलत चुलतभाऊ उत्तर काठाचा असता तर या आवारात पाय ठेवू शकला नसता.

तू लगेच म्हणशील, धर्माचं भांडण. लेका, धर्मावर गणित मांडशील तर नापास होशील. अझरबैजान शिया, इराण शिया. तरी इराणचं सूत आर्मेनियाशी, आणि अझरबैजानला शस्त्रं इस्रायलची. आर्मेनियाला शस्त्रं आपली! पिनाक रॉकेटं विकणाऱ्या देशाचा म्हणून बाजारात टोमॅटो स्वस्त मिळेल असं वाटलं होतं. मिळत नाही. तिकडे इराणच्या संसदेत आर्मेनियन लोकांसाठी २ जागा राखीव आहेत. शाह अब्बासने १६०४ च्या सुमारास अरसकाठच्या जुल्फातून हजारो आर्मेनियन उचलून इस्फहानला नेले, नदी ओलांडताना कित्येक बुडाले, आणि मग त्यांनाच नवीन जुल्फा वसवून दिलं, चर्चं बांधू दिली, रेशमाचा व्यापार दिला. तेच व्यापारी पुढे सुरतेला, मुंबईला आले. फोर्टात त्यांचं चर्च अजून आहे. आपण इराण्याकडे बनमस्का खायला जायचो तिथून चालत गेलो असतो, पण तुला तेव्हा पिक्चरची घाई. (तिकिटाचे पैसे अजून तुझ्याकडे आहेत.)

येरेवानात चालू असलेली मशीद एकच, अठराव्या शतकातली निळी मशीद. इराणने डागडुजी केली म्हणून सगळे तिला पारसिक मशीद म्हणतात. म्हातारीला घेऊन गेलो तर तिने पहिलं विचारलं, “इथे नमाज पढणारे सगळे गेले कुठे?” मी हौदातले मासे दाखवले.

गेले कुठे ते मला आमच्या बटाटेवाल्याने सांगितलं. तो लोरी प्रांतातल्या द्झ्युनाशोघ गावचा. पूर्वी ते किझिल शफाक नावाचं अझेरी गाव होतं. १९८९ मध्ये दोन्हीकडून माणसं हाकलली जात होती तेव्हा या गावाने आणि अझरबैजानातल्या केर्केंज या आर्मेनियन गावाने आपसात बोलून अख्खी गावंच बदलली. अट एक: तुम्ही आमच्या कबरी सांभाळा, आम्ही तुमच्या. बटाटेवाला केर्केंजचा, द्राक्षांच्या मळ्यातला. इथे उंचावर थंडी अशी की वेल धरत नाही, म्हणून बटाटे. पण तिथल्या कबरींबद्दल विचारलं तर म्हणतो, “शब्द दिलाय त्यांनी.” मी ऐकून गप्प, कारण बाकी सगळीकडे दोन्ही बाजूंनी काय केलं ते मला ठाऊक आहे. जुन्या जुल्फातल्या आर्मेनियन कबरींवरचे कोरीव क्रूस २००५ मध्ये अझरबैजानच्या सैनिकांनी घणाने फोडले, इराणच्या काठावरून लोकांनी पाहिलं.

मला सारखी मोठीमाय आठवते. तिच्या भावाचं रझाकारांनी काय केलं ते तिने आपल्याला कधी सांगितलं नाही, पण मणेरीण चाची आली की मागच्या दाराशी बसून दखनीत खिदळायची. आणि काका ओसरीवरून, “काय बोलायलीस गं त्या बाईसंगं?” तू म्हणायचास मोठीमाय भोळी आहे. मी म्हणायचो काका खडूस. त्यावरून औशाच्या स्टँडवर तू माझी कॉलर धरलीस. मी अजूनही तेच म्हणतो, फक्त आता काकांच्या जागी वरची आहे आणि तिला खडूस म्हणवत नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा होता रे.

तर अडचण अशी. आज सकाळी तातिकने शेकरबुरा केला. नवरोजचा पदार्थ, पण म्हातारीसाठी भर उन्हाळ्यात केला. करंजीच समज, आत अक्रोड, साखर, वेलची. वरून छोट्या चिमट्याने चिमटे काढून गव्हाच्या लोंबीची नक्षी करतात. एकेका करंजीला दोघी म्हाताऱ्या भांडत होत्या, बाकूत चिमटा असा धरतात, तब्रीजमध्ये तसा. झाल्यावर तातिकने आठ वेगळ्या काढल्या आणि ताट माझ्या हातात दिलं: वर नेऊन दे. तू दे म्हटलं तर म्हणाली, मी दिली तर ती दारच उघडणार नाही, तू हिंदी आहेस.

म्हणजे वरचीचा निरोप खाली सांगायचा आणि खालचं ताट वर न्यायचं, दोन्ही माझ्याकडे. निरोप मी सांगणार नाही, ते नक्की. ताटाचं कळत नाही. करंज्यांवरची ती नक्षी बाकूची आहे हे तिला बघताक्षणी कळेल. आज ती कामावर आली नाही, कोबी मीच चिरला, वाईट चिरला.

मला एवढंच विचारून सांग: मणेरीण चाचीच्या ईदच्या शेवया मोठीमाय काकांना वाढायची का? वाढायची तर सांगून, की न सांगता? वहिनींना माहीत असेल, शेवटी शेवटी त्याच होत्या तिच्याजवळ. काकांना विचारू नकोस.

तुझं काय? सोयाबीन वर आलं का की दुबार पेरणी? पोरीच्या ॲडमिशनचं कळव, डोनेशन मागितलं तर आधी मला फोन कर. आणि मे महिन्यात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून सगळ्यांबरोबर तुम्हीही बाकूची टूर रद्द केलीत, त्याचे पैसे परत आले का? नसतील तर वहिनींना म्हणावं येरेवानला या, राहायची सोय आहे, आवारात खुर्ची टाकायची मात्र विचारून टाकू.

तुझा,
सुध्या