बालवाडीच्या ताईंना, बटणांबद्दल आभार

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

वर्ष संपताना पालकांनी गुच्छ आणि साडी द्यायची रीत आहे. ती पाळूच. पण तुम्ही घराघरांत जे पोचवलंत, त्याची पावती लेखी द्यावी असं सगळ्यांना वाटलं.

सुरुवात बटणांची. मूल वरून बटणं लावायला घेतं. गळ्याजवळचं बटण त्याला दिसतच नाही, एक काजं चुकतं आणि शर्ट तिरपा होतो. मग घाईतली आई सगळं सोडून स्वतः लावते. तुम्ही सांगितलंत, आधी शर्टाची खालची दोन्ही टोकं जुळवा आणि खालून वर जा. पहिले काही दिवस आपण बटण काजातून अर्धं ढकलायचं, मुलानं फक्त ओढून घ्यायचं. म्हणजे शेवटची पायरी त्याची आणि ‘लागलं!’ हा आनंदही त्याचाच. ते जमलं की ढकलायचं कामही त्याच्याकडे. नव्या शर्टाची काजी घट्ट असतात, म्हणून आपण आधी दहा-बारा वेळा बटण आत-बाहेर करून ती सैल करायची. हे एरवी कुणाला सुचलं असतं?

चपलांचंही तसंच. एक चित्र मधोमध कापून अर्धं डाव्या चपलेत, अर्धं उजव्या चपलेत चिकटवायचं. चित्र जुळलं की पाय बरोबर. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, ओरडायला कुणी लागत नाही.

पण आभार खरे आहेत ते जमल्यानंतर काय बोलायचं, हे शिकवल्याबद्दल. ‘शाब्बास, किती हुशार!’ यातून मुलाला काहीच कळत नाही, हे तुमचं म्हणणं सुरुवातीला कोरडं वाटलं होतं. ‘चारही बटणं लावलीस, तिसरं निसटलं तरी सोडलं नाहीस’ असं म्हटलं की नेमकं काय जमलं ते त्याच्या हाती लागतं. चॉकलेटची लालूच नको, हेही तुमचंच. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. बक्षिसाचं आधी कबूल करून ज्यांना रंगवायला बसवलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगवत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे घरी गोडाचा शिरा करायला हरकत नाही, आधी कबूल करायचा नाही एवढंच.

पोळीचा धडा सगळ्यांत अवघड गेला, आणि तो मुलांना नव्हे, आज्यांना. लिंबाएवढी कणकेची गोळी, छोटं पोळपाट, पिठी थोडीच. फार घेतली तर लाटणं घसरतं. नकाशा झाला तरी तो भाजायचा आणि ताटात वाढायचा. गुपचूप मोडून पुन्हा लाटली की मुलाला बरोबर कळतं. पाणी वाढायला द्यायचं तर तांब्या अर्धाच भरायचा आणि पुसायचं फडकं त्याच्याच हाताशी ठेवायचं. सांडलेलं पुसणं हेही जमलेलंच काम.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत, कबूल करतो. ‘बघ, दादाला जमलं’ तोंडातून निघतंच. आणि मूल अजून खटपटत असतानाच मोबाईल वर येतो, मग ते बटण सोडून कॅमेऱ्याकडे बघतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. तुम्ही ती आमच्या मोरीत, ओट्यापाशी आणि चपलांच्या मांडणीपर्यंत आणलीत.

आता पाऊस तोंडावर आलाय आणि रेनकोटाची टिचबटणं लहान अंगठ्यांनी दाबली जात नाहीत. खालून बोट टेकवून, जमिनीवर पसरून सराव चालू आहे. लागलं की ‘टिच्’ असा आवाज येतोच, तेव्हा आपण गप्प राहिलं तर चालेल ना?

आपले,
बालवाडीतल्या मुलांचे पालक