तुम्ही व्हॉल्व्ह दाखवलात, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार, दादा,

त्या संध्याकाळी तुमच्या गॅरेजमध्ये दुरुस्त गाडीची किल्ली हातात घेताना मी नुसतं ‘आभारी आहे’ म्हटलं आणि निघाले. तेवढ्याने भागत नाही, हे वाटेतच जाणवलं होतं. आता नऊ महिने झाले. गाडी अकरा हजार किलोमीटर धावली आणि चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते पुष्कळ गाडीवाल्यांना कुणी दाखवतच नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पुरती थकले होते. सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं ती थरथरायची, मिसिंग करायची. गरम झाली की शहाण्यासारखी वागायची. चढावर मात्र पिकअप गेल्याचं पायाला कळत होतं. आधी दोन ठिकाणी दाखवली होती. एकीकडे प्लग बदलले, दुसरीकडे इग्निशन कॉइल बदलल्या आणि वर टाकीत ओतायला क्लीनरची बाटली दिली. दर वेळी चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच.

तुम्ही काहीच बदललं नाहीत. आधी विचारलंत, ‘थंड असतानाच जास्त थरथरते ना? रोजचं धावणं किती?’ मग इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेने बोअरस्कोपची, टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी आत सोडलीत आणि पडदा माझ्याकडे वळवलात. हवा आत घेणाऱ्या झडपेचा, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हचा दांडा चकचकीत धातूचा असायला हवा होता. तिथे डांबरासारखी काळी, खडबडीत ढेकळं चिकटलेली होती. हवेची अर्धी वाट अडलेली दिसत होती. गाडी ७८ हजार किलोमीटर चाललेली, तेल वेळच्या वेळी बदललेलं, आणि तरी हे. मला धक्काच बसला.

मग तुम्ही एका जुन्या सिलिंडर हेडवर बोट ठेवून समजावलंत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे, इनटेकच्या नळीत असतो. तीन-चार बार दाबाने पेट्रोल फवारलं जातं ते व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच आत जातं, आणि जाता जाता त्याला धुतं. माझ्या गाडीसारख्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर सरळ सिलिंडरमध्ये बसवलेला. दाब २०० बार किंवा त्याहूनही जास्त. पेट्रोलची बचत होते, ताकद वाढते, पण इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंब दिसत नाही. त्याच्या वाट्याला येते ती क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, पीसीव्हीच्या (तिथली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीने परत इनटेकच्या हवेत सोडलेली तेलाची वाफ, आणि थोडा जळका धूर. तापलेल्या व्हॉल्व्हवर ती वाफ बसते, भाजते, पुन्हा बसते. पुटांवर पुटं चढत जातात. हवा सरळ न जाता अडखळत, भोवरे घेत आत शिरते. थंड इंजिनात पेट्रोल आधीच नीट मिसळत नसतं, म्हणून थरथर सकाळीच जास्त.

टाकीतल्या बाटलीचं कोडं तिथेच सुटलं. ते औषध पेट्रोलबरोबर जाणार, म्हणजे इंजेक्टरचं तोंड साफ करील, पण व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत पोचणारच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तुम्ही मला दुसरी बाटली सहज विकू शकला असता. ‘याने तुमचं काम होणार नाही’ असं स्पष्ट सांगितलंत. माझ्या लेखी सगळ्यात मोठा उपकार तो.

सफाई बघायला तुम्ही मला थांबू दिलंत. मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, उतरवला. क्रँक पान्याने हाताने फिरवून ज्या सिलिंडरचं काम, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत याची दोनदा खात्री केलीत, कारण उघड्या व्हॉल्व्हमधून भुगा खाली गेला तर पंचाईत. मग अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने मारायचा आणि बाजूने व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. टरफल कार्बनला खरवडतं, धातूला ओरखडा पाडत नाही. एकेका व्हॉल्व्हवर तुम्ही खूप वेळ घालवलात. जिथे भुग्याने निघेना तिथे द्रव टाकून भिजवलंत आणि पुन्हा मारलंत. घाई नावाला नव्हती.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते आहे. इंजिन ऑइल घेताना आता नोआकचा आकडा बघते. तेल २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवून किती टक्के उडून जातं, तो हा आकडा. जितका कमी, तितकी वाफ कमी. अर्थात कंपनीने सांगितलेला ग्रेड आधी, हा आकडा नंतर, हेही लक्षात आहे. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देत नाही. पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न पाहता तेल आधीच बदलते, कारण माझं धावणं तुटक आहे. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या एकत्र करते, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण तापेल इतकी मोकळ्या रस्त्यावर नेते. त्याने जुना थर निघत नाही, हे तुम्ही बजावलं होतंत. तेलात साचलेलं पाणी आणि पेट्रोल मात्र उडून जातं. पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासून घेतला.

कॅच कॅन, म्हणजे ती तेलाची वाफ वाटेतच अडवून साठवणारा डबा, बसवू का, असं मी विचारलं होतं. ‘वेळेवर रिकामा करणार असाल आणि वॉरंटीला बाधा येत नसेल तरच’ असं म्हणालात. मी अजून बसवलेला नाही. पुढची गाडी घेताना मात्र दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असलेलं इंजिन आहे का, हे आधी विचारीन. टोयोटाने २००५ मध्येच तशी रचना आणली होती, हे मला तुमच्याकडूनच कळलं. नळीतला इंजेक्टर व्हॉल्व्ह धूत राहतो.

सफाईआधीचा आणि नंतरचा, असे त्या व्हॉल्व्हचे दोन्ही फोटो मी जपून ठेवले आहेत. पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येते. नळी आत सोडा, तिसरा फोटो काढू, आणि थर किती बसला आहे ते दोघं मिळून बघू.

तुमची ऋणी,
पांढऱ्या गाडीवाली ताई